पायाभूत संरचनांची नाडीपरीक्षा



२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमधील मोरबीचा झुलता पूल तुटून १३५ जणांनी प्राण गमावले. दोन्ही दुर्घटनांची कारणे भिन्न होती. प्रश्न मात्र एकच उरतो. संरचना दुर्बल होत असल्याची चाहूल वेळेवर लागावी कशी?

डोळ्यांनी केलेल्या पाहणीत आतला तडा किंवा आवरणाखालचा गंज दिसत नाही. श्राव्यातीत ध्वनीच्या नेहमीच्या तपासणीत उपकरण प्रामुख्याने आपल्या लगतचा भागच तपासते. मार्गदर्शित तरंगांचे वैशिष्ट्य येथेच आहे. पत्रा, नळ किंवा रूळ यांच्या पृष्ठभागांमध्ये बंदिस्त राहून हे तरंग त्यांच्या लांबीने दूरवर जातात. पातळ पत्र्यातील अशा तरंगांचे गणित होरेस लँब यांनी १९१७ मध्ये मांडले.

हे तरंग निर्माण करण्याचे व टिपण्याचे काम पिझोइलेक्ट्रिक संवेदक करतात. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिल्यास विद्युतभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखविले. याउलट, विद्युतदाब दिल्यास स्फटिक सूक्ष्म प्रमाणात आकार बदलतो. त्यामुळे पत्र्याला चिकटविलेली एकच चकती तरंग धाडू शकते आणि परतलेला तरंग ऐकूही शकते. समजा, तरंगाचा वेग सेकंदाला ५ किलोमीटर आहे आणि प्रतिध्वनी ०.८ मिलिसेकंदांनी परतला. जाऊन-येऊन अंतर ४ मीटर झाले. म्हणजेच दोष २ मीटरवर आहे.

प्रत्यक्षात काम इतके सोपे नसते. तरंगाचा वेग वारंवारता व जाडी यांनुसार बदलतो. जोड आणि कडा यांवरूनही प्रतिध्वनी येतात. म्हणून सुस्थितीतील संरचनेची नोंद आधी घेऊन नव्या नोंदीशी तिची तुलना करतात. तापमानातील फरकानेही नोंद बदलत असल्याने तो हिशेबात धरावा लागतो. तेलवाहिन्यांच्या तपासणीत ही पद्धत रुळली आहे. नळाभोवती बसविलेल्या एका कड्यातून दोन्ही दिशांना अनेक मीटरपर्यंतचा गंज शोधता येतो. दगडी बांधकामात मात्र तरंग लवकर क्षीण होतात आणि पायाखालची माती वाहून गेल्याचेही त्यांतून कळत नाही. तेथे अन्य साधने हवीत.

आता अर्थकारणाकडे वळू. नवा पूल भांडवली खर्चात मोडतो. नित्याची देखभाल बहुधा महसुली खर्चात. महसुली तूट आवरताना पहिली कात्री देखभालीला लागते. पुढे ढकललेली दुरुस्ती हे अंदाजपत्रकात न दिसणारे कर्जच असते आणि त्याची वसुली एखाद्या पुराच्या रात्री होते.

संवेदकाचा इशारा खोटा ठरला, तर पूल विनाकारण बंद राहून गावांचे दळणवळण थांबते. खरा इशारा दुर्लक्षिला, तर माणसे दगावतात. या दोन किमतींचा तोल कोणत्या पातळीवर राखायचा, इशारा कोणी वाचायचा आणि वाहतूक थांबविण्याचा अधिकार कोणाला, हे आधीच ठरलेले असावे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या भारतीय पूल व्यवस्थापन प्रणालीने राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांना ओळख क्रमांक देऊन नोंदीचा पाया घातला. त्या नोंदीला दुरुस्तीचा निधी व उत्तरदायित्व यांची जोड मिळाली, तरच स्फटिकाने ऐकलेली कुजबुज माणसांपर्यंत वेळेत पोहोचेल.