बांबू खाणारे अस्वल



आज आम्ही एका अस्वलाची हकिकत सांगणार आहोत. अस्वल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? काळे, केसाळ, वारूळ उकरणारे, वाटेत भेटले तर अंगावर येणारे. हे अस्वल निराळे आहे. याचे अंग पांढरे, पाय काळे, कान काळे. डोळ्यांभोवतीही काळे, काजळ फिसकटावे तसे! याला पांडा म्हणतात. चित्रात तुम्ही पाहिलाही असेल.

पांडाचे रान फक्त चीन देशात आहे. तिथेही सगळीकडे नाही. सिचुआन, शान्शी आणि कान्सू या तीन प्रांतांतल्या उंच, थंड डोंगरांत तो राहतो. त्या डोंगरांत मोठ्या झाडांखाली बांबूचे दाट रान असते. तेच त्याचे घर, तेच त्याचे ताट.

पांडा जवळजवळ नुसता बांबूच खातो. पाने, कोंब आणि दांडेसुद्धा. पण गंमत अशी, की त्याचे पोट आहे मांस खाणाऱ्या जनावराचे. आपल्या गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. ती रवंथ करते, म्हणून कडबाही तिच्या अंगी लागतो. पांडाला रवंथ नाही आणि आतडेही आखूड. शंभर घास खाल्ले तर सतरा-अठराच अंगी लागतात. बाकीचे तसेच बाहेर! मग करायचे काय? खातच राहायचे. दिवसातले बारा-चौदा तास तो बसून बांबू चावतो. मोठा पांडा दिवसाला बारा किलोपासून तीस-पस्तीस किलोपर्यंत बांबू खातो. अंगात चरबी साठत नाही, म्हणून थंडीत काही अस्वले झोपून काढतात तशी झोपही याला परवडत नाही. बर्फ पडत असले तरी पोटापाण्याला हिंडावेच लागते.

बांबू धरायला त्याच्या पंज्यात एक सोय आहे. मनगटाचे एक हाड वाढून अंगठ्यासारखे झाले आहे. त्या हाडाच्या आधाराने तो कांडे मुठीत धरतो आणि आपण ऊस सोलतो तसा दातांनी सोलतो.

आता त्याच्या पिलाचे ऐका. मादी वर्षातून एकदाच, वसंतात, माजावर येते. तेही दोन-तीन दिवसच. तेवढ्यात नर भेटला तर ठीक, नाहीतर ते वर्ष गेले. शंभर किलोच्या आईला पिलू होते ते शंभर ग्रॅमचे, म्हणजे एका कांद्याएवढे! आंधळे, गुलाबी, अंगावर केस नसल्यासारखेच. जुळे झाले तर रानात आई बहुधा एकच वाढवते. ते पिलू दीड-दोन वर्षे आईपाशी राहते. म्हणून पांडांची संख्या भराभर वाढत नाही. एक मेला तर त्याची जागा भरायला वर्षे लागतात.

बांबूचा फुलोरा आपल्याला ठाऊक आहे. वर्षानुवर्षे हिरवे असलेले बेट एकदा फुलते, बी धरते आणि वाळून जाते. चीनच्या डोंगरांतही असेच होते. पूर्वी एका डोंगरावरचा बांबू मेला की पांडा दुसऱ्या डोंगरावर जात असे. पण पुढे मधल्या खोऱ्यांत शेते झाली, गावे झाली, रस्ते झाले. वाट मोडली. १९७५-७६ च्या सुमारास मिन पर्वतात बांबू फुलून मेला. तेव्हा निदान १३८ पांडा मेलेले सापडले. एकट्या बांबूला दोष देऊन कसे चालेल? बांबू तर पूर्वीपासूनच फुलत आला आहे.

सरकारने राखीव राने केली. वोलोंगचे रान १९६३ सालीच राखीव झाले होते. पण तिथे माणसेही राहत होती. त्यांना चूल पेटवायची होती, आणि जळणासाठी झाडे तुटत राहिली. राखीव म्हणून जाहीर केल्यावरही तिथले रान घटतच गेले, असे २००१ साली अभ्यासकांनी दाखवून दिले. नुसता हुकूम काढून लाकूडफाटा थांबत नाही, बरं का. घरात सरपण नसेल तर बाई रानात जाणारच.

१९९८ साली यांगत्से नदीला मोठा पूर आला. हजारो माणसे मेली. डोंगर उघडे पडले म्हणून पाणी आणि माती खाली येते, हे साऱ्यांना पटले. त्याच साली त्या भागात जंगलतोड बंद करण्यात आली. पाठोपाठ दुसरी योजना आली. उभ्या उतारावरचे शेत सोडा, तिथे झाडे लावा, त्याबद्दल सरकार धान्य आणि पैसे देईल. वोलोंगमध्ये तर घरागणिक रानाचा तुकडा राखायला दिला. राखला तर पैसे मिळत. आमच्या मते खरी युक्ती हीच. शेतकऱ्याच्या घरात दाणे आले, मग रान वाढू लागले.

पांडा मोजतात कसे? तो माणसाला सहसा दिसत नाही. म्हणून त्याच्या लेंड्या गोळा करतात. लेंडीतले बांबूचे तुकडे मोजून हा पांडा कोणता, ते ठरवतात. १९८० नंतरच्या दशकातल्या मोजणीत सुमारे १,११४ पांडा होते. २०१४ साली संपलेल्या मोजणीत रानातले पांडा १,८६४ भरले. २०१६ मध्ये जगाच्या यादीत त्याचे नाव धोक्याच्या रांगेतून एक पायरी खाली आले.

पण सगळे साधले असे नाही. त्याच रानांतले बिबटे, लांडगे आणि रानकुत्रे घटले आहेत, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. एकाची काळजी घेताना दुसरा निसटला! आणि पांडांचेही २०१४ साली तेहतीस वेगवेगळे कळप मोजले गेले. (कळप म्हणजे एकत्र चरणारे नव्हेत, पांडा एकटाच हिंडतो. एका रानातले ते सारे, एवढाच अर्थ.) त्यांतल्या काही रानांत दहासुद्धा पांडा नाहीत. तिथे मादीला त्या दोन-तीन दिवसांत नर भेटणार कुठून?

म्हणून आता राने जोडण्याचे काम चालले आहे. चिनलिंग पर्वतात मोटारींचा रस्ता डोंगराखालून बोगद्याने नेला. वरचा जुना घाटरस्ता मोकळा झाला. त्यावर लोकांनी बांबू लावला. पुढे तिथे पांडाच्या खुणा सापडल्या.