‘असेल’ आणि ‘असलाच पाहिजे’
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



2003 च्या जून महिन्यात नाशिक जिल्ह्यात शेतातील झोपडीवजा घरात राहणाऱ्या एका गरीब कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच जणांचे मुडदे पडले, स्त्रियांवर अत्याचार झाले. घरातील आई आणि एक मुलगा जखमी अवस्थेत वाचले. या गुन्ह्यासाठी भटक्या जमातीतील सहा मजुरांवर खटला चालला. सत्र न्यायालयाने 2006 मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली व तिघांना जन्मठेप दिली. सरकार तेवढ्यावर समाधानी नव्हते. ते अपिलात गेले आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच्या रांगेत नेऊन उभे केले. 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. तोवर त्यांच्या आयुष्याची सुमारे 16 वर्षे तुरुंगात सरली होती.

तीन पायऱ्यांवर जो पुरावा पुरेसा ठरला, तो चौथ्या खेपेस अपुरा कसा ठरला? या काळात नवे काहीही घडले नव्हते. जे कागद पहिल्या दिवसापासून अस्तित्वात होते, तेच अखेरीस नीट वाचले गेले, इतकेच.

खटल्याचा सारा भार डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदारांवर होता. ओळख परेडीत आणि नंतर न्यायालयात त्यांनी आरोपींना ओळखले. वरवर पाहता याहून भक्कम पुरावा कोणता? स्वतःच्या घरातील माणसे डोळ्यांदेखत मारली गेलेली आई खोटे कशाला बोलेल? ती खोटे बोलली, असे म्हणण्याची कोणाला गरजही नाही. परंतु तपासाच्या सुरुवातीलाच पोलिसांनी या माउलीला सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा संग्रह दाखविला होता व त्यातून तिने चार माणसे ओळखली होती. ती माणसे या सहांपैकी नव्हती. तिचा हा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदलेला होता. त्या चौघांवर खटला भरणे दूरच राहिले, त्यांचा धड तपासही झाला नाही आणि हा महत्त्वाचा कागद सरकार पक्षाने न्यायालयापुढे येऊ दिला नाही.

येथे कायद्यातील एक साधी गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ओळख परेड हा मूळ पुरावा नव्हे. न्यायालयात उभे राहून साक्षीदार जी ओळख पटवतो, तो मूळ पुरावा, आणि परेड ही त्याला आधार देणारी. घटना ताजी असताना केलेली ओळख आणि पुढची ओळख यांचा मेळ बसत नसेल, तर आधारच काढून घेतला जातो. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यातील 114 व्या कलमाने न्यायालयाला आणखीही एक अनुमान करण्याची मुभा दिली होती: हाती असलेला पुरावा जो पक्ष दडवतो, तो पुरावा त्या पक्षाच्या विरुद्धच जाणारा असावा. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी ही तरतूद त्यातही आहे. म्हणजे कायदा आंधळा नव्हता. त्याला तो कागद दाखविणारे कोणी नव्हते.

आता काही कार्यकर्ते म्हणतील की, संशयाचा फायदा धनदांडगेच उपटतात. साक्षीदार फोडतात आणि उजळ माथ्याने फिरतात. हे खोटे नाही. 1973 साली शिवाजी साहेबराव बोबडे खटल्याचा निकाल लिहिताना न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनीही बजावले होते की, संशयाच्या फायद्याचे अवास्तव स्तोम माजले तर समाजाचा न्यायावरील विश्वास उडेल. 1957 च्या केरळमधील नंबुद्रीपाद मंत्रिमंडळात मंत्री राहिलेल्या न्यायमूर्तींचे हे मत कोणी प्रतिगामी म्हणून झटकू शकणार नाही. शिवाय त्या खटल्यात त्यांनी शिक्षा कायमही केली. परंतु त्याच निकालात, आरोपी दोषी ‘असेल’ आणि दोषी ‘असलाच पाहिजे’ यांतील अंतर फार मोठे आहे, असेही त्यांनी लिहून ठेवले. परिस्थितिजन्य पुराव्याच्या कसोट्या घालून देणाऱ्या 1984 च्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यातही न्यायालयाने हाच धागा पुढे नेला. धनिकाच्या खटल्यात हे अंतर मोजायला नामांकित वकिलांची फौज उभी असते. भटक्यांच्या खटल्यात ते मोजतो कोण? 1871 च्या कायद्याने ज्या देशात जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या, तेथे 1952 मध्ये तो कायदा गेला, पण पोलीस ठाण्यातील नजर गेली काय?

पुरोगाम्यांनीही या प्रकरणी स्वतःची झडती घ्यावी. 2012 मध्ये 14 निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून 13 जणांची फाशी रद्द करण्याची विनंती केली. त्यांत हे सहा जण होते. त्या सत्कृत्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. मात्र तेथेही मुद्दा शिक्षेचा होता, चुकीच्या पूर्वनिर्णयावर विसंबून दिलेल्या फाशीचा होता. गुन्हा शाबीत झाला आहे, हे सर्वांनीच गृहीत धरले होते. फाशी असावी की नसावी, यावर सभा गाजतात. पंचनामा, पहिला जबाब आणि आरोपपत्रासोबतच्या कागदांची यादी वाचायला मात्र कोणी बसत नाही. या सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेदेखील फाशी कायम झाल्यानंतर निष्पन्न झाले! जन्मतारीख तपासायलाही कोणाला सवड झाली नव्हती.

2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला 2009 चा निकाल मागे घेतला आणि अपिले नव्याने ऐकली, हे त्या न्यायालयाच्या पदरात टाकलेच पाहिजे. न्यायमूर्ती सिकरी, अब्दुल नझीर आणि शहा यांच्या पीठाने प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश महाराष्ट्र सरकारला दिले व दोषी पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई करण्यासही सांगितले. 16 वर्षांचे 5 लाख, म्हणजे दिवसाला शंभर रुपयेही पडत नाहीत.

आणि ती आई? तिने ज्या चौघांकडे बोट दाखविले होते, त्यांना कोणी काही विचारले नाही. सहा निरपराध मजूर फाशीच्या कोठडीत बसवून तिच्या पाच माणसांच्या खुनाचा तपास पूर्ण झाल्याचे सरकारदरबारी नोंदले गेले होते.