गाडी रिव्हर्स घेते, पण पुढे जात नाही: ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवण्याआधी

आज थेट मुद्द्यावर येतो. ऑटोमॅटिक गाडी आहे. लिव्हर 'डी'त टाकला, ॲक्सिलरेटर दिला. इंजिन नुसतंच रेस होतंय, गाडी जागची हलत नाही. 'आर'मध्ये टाकली की मात्र गुपचूप मागे जाते. गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं, "गिअरबॉक्स गेला साहेब, उतरवावा लागेल." जुन्या गाडीत हा खर्च कधीकधी गाडीच्याच किमतीच्या जवळ जातो. म्हणून 'हो' म्हणण्याआधी काय बघायचं, ते बोलू.

आज आपण बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सबद्दल. आपल्याकडे २०१४ च्या सेलेरिओपासून पसरलेला एएमटी मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. सीव्हीटीत पट्टा आणि पुली. त्यांची तपासणी वेगळी.

सगळ्यात आधी, रेस करणं थांबवा. आत क्लच घसरत असेल, तर उरलासुरला तोही जळेल. आणि गाडी दोरीने ओढत नेऊ नका. इंजिन बंद असताना आतला पंप फिरत नाही, म्हणजे फिरत्या भागांना तेल मिळत नाही. सरळ फ्लॅटबेड मागवा.

आता तेल, म्हणजे एटीएफ. तुम्ही म्हणाल, रिव्हर्स पडतोय म्हणजे तेल ठीकच असणार. इथेच गफलत होते. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला तेलाचा दाब मुद्दाम वाढवलेला असतो. त्यामुळे तेल कमी असलं किंवा फिल्टर तुंबला, तरी रिव्हर्स कसाबसा निभावतो आणि 'डी' मात्र सुटतो. बहुतेक गाड्यांत पातळी इंजिन गरम आणि चालू ठेवून, 'पी'मध्ये बघतात. होंडात इंजिन बंद करून लगेच. म्हणून मॅन्युअल वाचा. नव्या बऱ्याच गाड्यांत डिपस्टिकच नसते, तिथे ठरावीक तापमानाला खालचा प्लग उघडून पातळी बघावी लागते. तेल काळपट असून जळका वास आला, तर क्लच जळल्याची खूण. दुधाळ गुलाबी दिसलं, तर त्यात कूलंट किंवा पाणी शिरलंय.

दुसरं, लिव्हरची केबल. लिव्हर 'डी' दाखवतो, पण केबलचं बुश तुटलं किंवा सेटिंग सरकलं असेल, तर खाली गिअरबॉक्स न्यूट्रललाच अडकलेला असू शकतो. एकाने लिव्हर हलवायचा आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सवरचा आर्म त्याच्याबरोबर पूर्ण फिरतोय का ते बघायचं. इंजिन बंद, हँडब्रेक वर आणि चाकांना अडण. हे दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरी चाचणी माझी आवडती, कारण तिला पैसा लागत नाही. बऱ्याच जुन्या चार गिअरच्या गाड्यांत लिव्हरवर 'एल' असतो. 'डी'त पहिला गिअर एका वन-वे क्लचच्या आधारावर चालतो. हा क्लच एका दिशेला धरतो, दुसऱ्या दिशेला सोडतो. 'एल'मध्ये त्याच्या जोडीला एक ब्रेकही लागतो. म्हणून 'डी'त गाडी हलत नाही, पण 'एल'मध्ये हलते, तर संशय वन-वे क्लचवर. दोन्हींत हलत नाही, पण रिव्हर्स पडतो, तर संशय फॉरवर्ड क्लचवर, किंवा त्याच्यापर्यंत तेल पोचवणाऱ्या वाटेवर: व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉइड, झिजलेलं सील. थंड असताना चालते आणि तापल्यावर सोडते, तर सीलमधून दाब गळत असण्याची शक्यता जास्त. आणि डी, एल, आर काहीच लागत नाही, तर पंप, टॉर्क कन्व्हर्टर किंवा ॲक्सल बघा.

चौथं, स्कॅनर. साधा कोड रीडर कधीकधी फक्त इंजिनचेच कोड दाखवतो. ट्रान्समिशन मॉड्यूल वाचणारा स्कॅनर लावायला सांगा. पी०७०५ आला, तर लिव्हरची जागा ओळखणारा सेन्सर किंवा त्याची वायरिंग तपासायची. पी०७३१ म्हणजे पहिल्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, आत काहीतरी घसरतंय. कोड म्हणजे निकाल नव्हे, नुसता पत्ता.

शेवटी दोन गोष्टी गॅरेजकडून मागा. एक, प्रेशर गेज लावून घेतलेलं तेलाच्या दाबाचं रीडिंग. दुसरी, खालचा पॅन उघडल्यावर मॅग्नेटचा फोटो. त्यावर मऊ करडा लेप असणं नेहमीचंच. पण धातूचे कण, क्लचच्या पापुद्र्यांचा काळा गाळ दिसला, तर मग गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. निदान तुम्हाला कारण तरी कळलेलं असेल, आणि बिलावर काय काय लिहिलं जातंय, हे तुम्ही विचारू शकाल.

दाब नीट, पॅन स्वच्छ आणि तरीही "उतरवाच" म्हणत असतील, तर दुसऱ्या गॅरेजला दाखवा. पुढच्या भागात सीव्हीटी घेऊ. तोवर गाडी जपा, काळजी घ्या.