मोटर बदलण्याआधी पाइपाला विचारा

इअरफोन लावलेत ना? आज गोरेगावची गोष्ट. मुंबईचं लोकलवालं नाही बरं का, आमचं, हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं.

दिवाळीनंतरचे दिवस. हळदीचे कंद पोसायचा काळ, आणि आमच्या शेवटच्या सऱ्यांमध्ये ड्रिप नुसतं ओलं होत होतं. बाबा म्हणाले, "पाच एचपी कमी पडायली. साडेसातची घेऊ." दुकानदारानंही तेच सांगितलं. सोयाबीनचे आलेले पैसे त्यातच जाणार होते. मी म्हटलं, बाबा, दोन दिवस द्या. आधी मोजू.

प्रेशर गेज एकच होतं, चार किलोचं. किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, साधारण दहा मीटर उंच पाण्याच्या दाबाएवढा. तेच गेज काढून-बसवून चार ठिकाणी लावलं. एकच का? दोन गेज असतील तर त्यांच्यातलाच फरक आपण पाइपाच्या नावावर लावतो. मोटरजवळ 2.4, फिल्टरनंतर 1.6, शेताच्या तोंडाशी 1.0, शेवटी 0.4. आमचं शेत शेवटाकडे चढतं, त्यामुळे थोडा दाब तिथं जाणारच.

खरं सांगू? माझा संशय एल्बोंवर होता. फिल्टरपासून शेतापर्यंत सात एल्बो. बांधाला वळसा, विहिरीच्या कडेला वळसा, एक तर नुसता जुना तुकडा वापरायचा म्हणून. पण एका एल्बोत किती दाब जातो हे त्या गेजवर दिसतच नाही, काट्याची एक रेघच 0.1 किलोची.

मग गवंडीमामांची लेव्हलची पारदर्शक नळी आणली. एल्बोच्या अलीकडे आणि पलीकडे भोकं पाडून ड्रिपचे ग्रोमेट-टेकऑफ बसवले, नळीची दोन टोकं त्यांना तारेनं आवळली आणि नळी उलट्या यूसारखी उंच बांबूवर बांधली. वर हवा अडकते, दोन्ही बाजूंनी पाणी चढतं. दोन पातळ्यांमधला फरक म्हणजे तेवढ्या अंतरात गेलेला दाब, थेट सेंटिमीटरमध्ये. लाइनचा दाब कितीही असो, फरक तेवढाच दिसतो. बाबा लांबून बघत होते, "हे काय सलाईन लावलंय पाइपाला?"

भोकं एल्बोला चिकटून पाडू नका. वळल्यावर पाणी बरंच अंतर घुसळत राहतं. अलीकडे पाइपाच्या जाडीच्या पाचपट, पलीकडे दहापट जागा सोडली. आमच्या 63 मिलिमीटर पाइपाला दोन भोकांत जवळपास एक मीटर झालं. फरक आला 22 सेंटिमीटर. मग सरळ पाइपावर तेवढ्याच अंतरात मोजलं, 6. म्हणजे एल्बोचे 16.

पाणी किती वाहतंय तेही लागतं. सगळं पाणी 200 लिटरच्या ड्रममध्ये सोडलं, पण कॉक आवळून गेजचा काटा ड्रिप चालू असताना होता तिथंच धरला. उघडं सोडलं असतं तर पाणी जास्त आलं असतं आणि हिशेब फसला असता. ड्रम 40 सेकंदांत भरला, म्हणजे सेकंदाला 5 लिटर, पाइपात वेग साधारण 1.9 मीटर. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाची दुप्पट, हे आले 18 सेंटिमीटर. 16 ला 18 नं भागा, 0.9. हा झाला त्या एल्बोचा के. हे सूत्र वाइसबाख नावाच्या जर्मन माणसानं 1845 मध्ये मांडलेल्या हिशेबातलं, पुस्तकातही अशा एल्बोचा के एवढ्याच्या आसपास मिळतो. मला फार भारी वाटलं!

नंतर कॉक आवळून पाणी निम्मं केलं. 22 चे साडेपाच-सहा झाले. निम्मं पाणी, पाव नुकसान. आता उलटं बघा: मोठी मोटर लावून त्याच पाइपातून जास्त पाणी ढकललं, तर नुकसान वर्गानं वाढणार.

सात एल्बो मिळून 0.11 किलो. बस्स. एक कॉक उघडा दिसत होता, पण दांडा फिरलेला, आत तिरका; त्याचे 0.1. साठेक मीटर सरळ पाइपाचे 0.36. आणि फिल्टर एकटा 0.8!

इथं बाबा चिडले. "फिल्टर परवाच धुतला म्या." खोटं नव्हतं. जाळी डोळ्यांना स्वच्छ दिसत होती, पण उजेडात धरली तर बारीक भोकांमध्ये विहिरीच्या पाण्याचा पांढरा क्षार बसलेला. नवी जाळी टाकली, फरक 0.2 वर आला. कॉक बदलला. शेवटच्या सरीला 0.7 मिळाले. जेवढे वाचले तेवढे सगळे नाही, कारण पाणी वाढलं की बाकीचं नुकसानही वाढतं. मोटर पाचचीच आहे.

विहिरीतला फूटव्हॉल्व्ह मात्र मोजायचा राहिला. तिथं दाब नाही, ओढ असते, साधं गेज शून्यावरच बसतं. सेनगाव-हिंगोलीकडं कुणाकडे व्हॅक्यूम गेज असेल तर कळवा, दोन दिवसांत परत देतो.