ओरड धरल्याची, की दुखण्याची?

(अंबड येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



जनावराला वेदना होते, हे मी तुम्हाला सांगायला नको. इथे कारखाने आले, गोठे उठले, पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदेमळणी पुढच्या रांगेतल्या आजोबांच्या हाताला अजून आठवत असेल. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदा, बैलगाडा शर्यतीवरचे २०१४ आणि २०२३ चे निकाल तुम्ही वाचलेत. त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते आम्हा गुरांच्या डॉक्टरांबद्दल.

ब्रिटनमध्ये पॉल आणि पॉडबर्सेक या संशोधकांनी पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, प्राण्याला कितपत जाणवतं? २००० साली निष्कर्ष छापून आले. कुत्रा, मांजर, गाय यांना जाणवतं ते कमीच, असं वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गांपेक्षा जास्त मानत होती. मुलं निर्दय होतात, असं मी म्हणत नाही. मुलं आमची वाक्यं शिकतात.

माझंच सांगतो. शिकत असताना एक गोऱ्हा खच्ची करायला आणला होता. चौघांनी पाडला, पाय बांधले. बर्डिझोचा चिमटा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाय. कातडी फाटत नाही, आतली नस चेंगरते. रक्ताचा थेंब नाही. चिमटा मिटला तसा गोऱ्हा असा हंबरला की माझ्या हातातला दोर सुटला. सर म्हणाले, "धरलंय म्हणून ओरडतोय. दुखत नाही त्याला." मी वहीत लिहून घेतलं. पुढे वीस वर्षं मी तेच वाक्य माझ्या विद्यार्थ्यांना सांगितलं.

मग एकदा असाच चिमटा लावून झाल्यावर एका मुलीनं विचारलं, "सर, धरून झालं होतं तेव्हा तो गप्प होता. चिमट्यानंतर ओरडला. मग?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जागा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची बाटली मागच्या कपाटात होती. टोचून काही मिनिटं थांबायचं, एवढंच काम. ती मिनिटं आम्ही कधी दिली नाहीत.

(प्रेक्षकांतून : "मग वेसणीलाही भूल द्यायची का, डॉक्टर?" हशा.)

हो, द्यायची! हसा, पण मी गंभीरपणे बोलतोय. मी शेतकऱ्याविरुद्ध उभा नाही. माझे वडील दोन बैलांवर जगले. खच्चीकरण बंद करा, असं मी म्हणत नाही. १९६० च्या त्या कायद्यात छळाला गुन्हा ठरवणाऱ्या ११ व्या कलमातच शिंगं काढणं, खच्ची करणं, डागणं, वेसण घालणं यांना विहित रीतीने केल्यास सूट आहे. पण सूट मिळाली म्हणून वेदना मिटत नाही, आणि जखम दिसली नाही म्हणूनही नाही.

चिठ्ठी आली, वेळ संपली म्हणतात. कोंबड्यांचं, प्रयोगशाळेतल्या उंदरांचं सगळं राहिलंच. दोन मिनिटं द्या. त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी चिमटा नाही, सुई हातात दिली. तिनं टोचलं, गोऱ्ह्याच्या मानेवर हात ठेवून बसली. आम्ही सगळे घड्याळाकडे बघत उभे होतो. मग चिमटा लावला. गोऱ्ह्यानं नुसतं शेपूट हलवलं.