आकड्यांचा आवाज कसा होतो?



आपल्या शाळेत संगणक असतो. पंधरा ऑगस्टला बाहेर काढला जाणारा अॅम्प्लिफायरही असतो. पण इंग्रजी उच्चारांचा पाठ लावावा, तर संगणकाचा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जात नाही. अॅम्प्लिफायरला जोडावे म्हटले, तर हेडफोनचे भोक मुलांनी खेचून खेचून सैल झालेले. खरखर होते आणि नेमके स कुठला, श कुठला हे मागच्या मुलांना कळत नाही. ज्या पाठाचा उपयोग केवळ ऐकण्यात, तो असा वाया जातो. अशा वेळी संगणकाच्या यूएसबी खाचेत आवाजाची वेगळी पाटी लावता येते. ती थोड्या खर्चात हाताने जुळवताही येते. तिला डीएसी म्हणतात. तिचे काम आकड्यांचा आवाज करणे.

संगणकाच्या पोटात आवाज नसतो, हे प्रथम ध्यानात घ्या. मायक्रोफोन हवेच्या कंपनाचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. त्या चढउताराची उंची एका सेकंदात हजारो वेळा मोजून आकडे लिहून ठेवतात. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मापासाठी ६५,५३६ पायऱ्या असतात. आता उलट काम करायचे, म्हणजे आकडा द्यायचा आणि तेवढ्या उंचीचा व्होल्टेज घ्यायचा.

कोलम तांदूळ तोलणारा दुकानदार डोळ्यांपुढे आणा. त्याच्याजवळ एक, दोन आणि चार किलोची तीनच वजने आहेत. तरी तो एकपासून सातपर्यंत कितीही किलो तोलील. पाच हवे, तर चार आणि एक. प्रत्येक वजन पारड्यात आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न. भिवंडीच्या मागावर डॉबी पाहिलेल्यांना हे चटकन् कळेल; तिथेही खुंटी आहे की नाही, यावर धागा उचलायचा की नाही हे ठरते.

ही वजने विजेची करायची तर रेझिस्टरची शिडी बांधतात. वर्गात ही अवश्य करून पाहा. एकाच पट्टीतले १० किलोओमचे दहा रेझिस्टर घ्या. दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले की झाली लांब फांदी. अशा चार फांद्या करा. उरलेले दोन एकेकटे राहतील. हे दोन एका रांगेत जोडले की रांगेला तीन ठिकाणे मिळतात, दोन टोके आणि एक मध्य. प्रत्येक ठिकाणी एकेक लांब फांदी लावा. चौथी फांदी पहिल्या टोकाला लावून तिचा दुसरा शेंडा ऋण तारेला जोडा. इतर तीन फांद्यांचे शेंडे तीन स्विचांना द्या. स्विच जिन्याच्या दिव्याला असतात तसले दुवाटी हवेत, कारण बंद स्थितीत शेंडा लोंबकळता न राहता ऋण तारेला टेकला पाहिजे. वीज मोबाईलच्या चार्जरची, ५ व्होल्ट.

रांगेच्या शेवटच्या टोकावर मल्टिमीटर लावा. त्या टोकाजवळचा स्विच एकटा चालू केला, तर अडीच व्होल्ट. मधला एकटा, तर सव्वा. पहिल्या टोकाचा एकटा, तर साधारण ०.६२. हीच आपली चार, दोन आणि एक किलोची वजने! पहिला आणि शेवटचा मिळून चालू केला, तर किती दाखवील, हे मुलांकडून आधी वहीत लिहून घ्या आणि मग मीटर पाहू द्या. असा तास मुले विसरत नाहीत.

आठ स्विचांची शिडी केली, तर रेझिस्टर लागतात २५ आणि पायऱ्या होतात २५६. जुन्या संगणकांना प्रिंटरसाठी २५ छिद्रांची खाच असे. तिच्या दोन ते नऊ या क्रमांकाच्या तारांवर संगणक हे आठ स्विच स्वतःच भराभर चालवी. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कोव्हॉक्स कंपनीने याच युक्तीवर एक छोटे यंत्र विकले, आणि हौशी लोकांनी ते पाहून घरोघर शिड्या बांधल्या.

नव्या संगणकांना सहसा ती खाच नसते. रोजच्या वापराला म्हणून पीसीएम २७०४ नावाची चकती बसवलेली पाटी घ्यावी. यूएसबीतून आलेले आकडे घेणे आणि त्यांचा डावा-उजवा आवाज करणे, दोन्ही ती करते. वीज संगणकाकडूनच घेते. वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. आवाजाच्या खुणेवर जाऊन नवे साधन निवडले की झाले. चकतीचे पाय फार जवळजवळ असतात, तेव्हा ती बसवलेलीच घ्यावी आणि बाहेरच्या तारांना तेवढा आपण डाख द्यावा. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रस्त्यावर असे सुटे सामान मिळते.

जोडताना अॅम्प्लिफायर बंद आणि त्याचा आवाज शून्यावर असावा. तार ‘ऑक्स’ लिहिलेल्या भोकात घाला. मायक्रोफोनच्या भोकात घातली, तर आवाज फाटतो आणि दोष बिचाऱ्या पाटीला लागतो. अंगणातला भोंगाही वर्गात नको. त्याच्यातून उत्तम पाटीचा आवाजही भोंग्यासारखाच येणार! खोक्याचा स्पीकर लावा.

आता महत्त्वाचे. सगळे जोडले आणि सतत ‘हूंऽऽ’ असा घुमणारा आवाज आला, तर काय करावे? लॅपटॉप असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. घुमणे थांबले, तर दोष बहुधा अर्थिंगच्या वाटेचा. लॅपटॉप एका खोलीतल्या प्लगवर, अॅम्प्लिफायर दुसऱ्या. दोघांच्या अर्थिंगच्या तारा आवाजाच्या तारेने एकमेकींना जोडल्या जातात, आणि त्या वेटोळ्यातून घरच्या विजेची ५० हर्ट्झची कंपने फिरू लागतात. यावर गावोगाव एक उपाय सांगतात: प्लगची जाडी पिन काढून टाका. घुमणे थांबतेही. पण हे कोणी सांगितले, तरी करू नका! ती पिन जिवासाठी आहे. आत तार सुटून पत्र्याला लागली, तर अर्थिंग असताना फ्यूज उडतो. नसताना पत्रा जिवंत होतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून त्याला हात लावणारे मूल असते.

दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावर लावा; पुष्कळदा तेवढ्याने भागते. नाही भागले, तर आवाजाच्या तारेत लहानसा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. तो आवाज पलीकडे नेतो, पण दोन बाजूंच्या तारा एकमेकींना लागू देत नाही. आणि वायरमन शाळेत येईल, तेव्हा बोर्डाची अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोचते आहे का, हे त्याच्याकडून तपासून घ्या.