मधुमेह, मोतीबिंदू आणि डोळ्याचा पडदा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मोतीबिंदू काढला, पट्टी सुटली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी वाचता येऊ लागली, की डोळ्याचे प्रकरण मिटले असे मानण्याचा आपल्या घरांतून प्रघात आहे. मधुमेह नसलेल्यांच्या बाबतीत ही समजूत बहुधा खपून जाते. मधुमेह्यांच्या बाबतीत ती घातक ठरू शकते. म्हणूनच आजचा विषय आम्ही निवडला.

डोळ्याच्या आत, मागील भिंतीला दृष्टिपटल हा नाजूक पडदा चिकटलेला असतो. तो सुटला की दृष्टी जाऊ लागते. १९२० च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील ज्यूल गोनँ ह्या नेत्रवैद्यांनी पडद्याला पडलेले छिद्र हे त्याचे कारण असल्याचे दाखवून ते बुजविण्याचा मार्ग काढला. तोवर हा विकार असाध्यच समजला जाई. मधुमेह्याच्या डोळ्यात मात्र दुसराही धोका असतो. साखरेने जुन्या केशवाहिन्या निकामी झाल्या, की पडद्यावर नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात. त्यांच्यासोबत वाढलेले तंतू आकसतात आणि पडद्याला ओढून भिंतीपासून सोडवितात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मधुमेह्याचा हा नेत्रविकार कधी कधी झपाट्याने बळावतो.

तेव्हा खरी खबरदारी शस्त्रक्रियेपूर्वीच घ्यावयाची. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. मोतीबिंदू पिकल्यामुळे आतले दिसत नसेल, तर डोळ्याची सोनोग्राफी करावी. नव्या वाहिन्या आढळल्यास, शक्य असेल तेथे, लेसरचे उपचार आधी उरकावेत. अशा डोळ्यांतील गंभीर दृष्टिनाश लेसरमुळे निम्म्याहून अधिक घटतो, हे अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीने १९७६ साली सिद्ध केले. साखर ताब्यात हवी हे सर्वच जाणतात. पण रक्ताचा अहवाल चांगला यावा म्हणून आठ दिवस उपासमार करणारे महाभागही आपल्यात आहेत! फार दिवस चढलेली साखर एकदम उतरविल्याने पडद्याचा विकार काही काळ वाढूही शकतो. ती वैद्यांच्या सल्ल्याने, बेताबेताने उतरवावी.

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे होणे, अचानक काजळीचे कण तरंगू लागणे, कडेने सावली सरकत येणे, ही लक्षणे घरातील प्रत्येकास ठाऊक असावीत. ह्यात डोळा दुखत नाही, आणि घात होतो तो तेथेच. घरात लग्नकार्य असले, की वडीलधारी माणसे, विशेषतः स्त्रिया, ‘मांडव उतरू दे, मग पाहू’ म्हणून गप्प राहतात. पडद्याचा मध्यबिंदू सुटण्यापूर्वी उपचार झाले तर दृष्टी पुष्कळ अंशी वाचते. त्यानंतर पडदा बसविला तरी वाचन पूर्ववत होईलच असे नाही. रुग्णास त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे न्यावे.

१९७० साली रॉबर्ट माखेमर ह्यांनी अमेरिकेत डोळ्यातील काचद्रव काढण्याची नवी शस्त्रक्रिया सुरू केल्यापासून ओढला गेलेला पडदाही मोकळा करता येतो. तो बसविण्यासाठी पुष्कळदा डोळ्यात वायू भरतात. सांगितले असेल तितके दिवस रुग्णाने मान खाली घालून राहावयाचे असते. हे कष्टाचे आहे, जेवणखाण व सोबत ह्यांची व्यवस्था घरच्यांनीच करावयास हवी. वायू पूर्ण विरेपर्यंत, म्हणजे त्याच्या प्रकाराप्रमाणे दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत, विमानप्रवास वर्ज्य. उंचावर वायू फुगतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. घाट चढून जावयाचे असल्यासही आधी विचारून घ्यावे. मुलाकडे परदेशी जाण्याचे तिकीट काढून ठेवले असेल, तर ते पुढे ढकलावे.